जयंती रोहूचे बीज : भंडाऱ्यातील मातीच्या तळ्यात वाढवून पाहिल्यानंतरचा अभिप्राय

गोड्या पाण्यातील मत्स्यशेती करणाऱ्याला वर्षभरात अनेक निर्णय घ्यावे लागतात आणि त्यांपैकी बहुतेक निर्णय पुढे सुधारता येतात. खाद्य कमी पडत असेल तर वाढवता येते, पाणी बिघडले तर चुना टाकून किंवा ताजे पाणी घेऊन सावरता येते, बाजारभाव पडलेला असेल तर मासळी काढणे काही दिवस पुढे ढकलता येते. बीजाच्या, म्हणजे तळ्यात सोडायच्या माशांच्या पिल्लांच्या, बाबतीत मात्र तशी सोय नसते. पावसाळ्यात तळ्यात जे सोडले, त्याच्यासोबत पुढचे संपूर्ण वर्ष काढावे लागते. म्हणून भुवनेश्वरजवळील कौशल्यागंगा येथील केंद्रीय गोडेपाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने, म्हणजे मत्स्यशेतकरी जिला ‘सिफा’ म्हणून ओळखतात त्या संस्थेने, विकसित केलेल्या जयंती रोहूविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. भंडारा जिल्ह्यातील माझ्या मातीच्या तळ्यांत मी हा मासा साध्या रोहूच्या बरोबरीने वाढवला आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. मासा उत्तम आहे, आणि खात्रीचे बीज मिळत असेल तर साध्या रोहूऐवजी तोच घ्यावा. परंतु खात्रीचे बीज मिळणे हीच या व्यवहारातील खरी अडचण आहे, आणि ती समजून न घेता केवळ नावावर विसंबून जादा पैसे मोजण्यात काहीही हशील नाही.

या वाणाचे महत्त्व कळण्यासाठी त्याच्या आधीची परिस्थिती थोडी पाहावी लागते. रोहू, कटला आणि मृगळ हे तीनही मासे तळ्यात चांगले वाढतात, प्रौढ होतात, मादीच्या पोटात अंडीही तयार होतात. पण पुराचे वाहते पाणी मिळाल्याशिवाय ती अंडी सहसा बाहेर पडत नाहीत. त्यामुळे १९५० च्या दशकापर्यंत आपल्याकडील बीजाचा मोठा हिस्सा नद्यांतून जाळी लावून गोळा केला जाई आणि त्यात कोणत्या जातीचे पिल्लू किती आहे, हे ते मोठे होईपर्यंत समजत नसे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालील पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवून आणले. ज्या संप्रेरकाची लाट नदीच्या पुरात आपोआप उसळते, ती सुईने दिली की मादी अंडी सोडते आणि नर ती फलित करतो, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले. आज १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून साजरा होतो तो याच कारणाने. पुढे ओव्हाप्रिमसारखी तयार इंजेक्शने आली, चिनी पद्धतीची गोलाकार हॅचरी, म्हणजे अंडी उबवून बीज तयार करणारे केंद्र, आले, आणि जे काम प्रयोगशाळेतील तज्ज्ञांचे होते ते तालुक्याच्या गावातील केंद्रचालकही करू लागला.

बीज मुबलक झाले, पण ते चांगले आहे की नाही याचा विचार मागे राहिला. धान्यात, कोंबड्यांत आणि गाईम्हशींत सुधारित वाण येऊन गेले तरी तळ्यातला रोहू मात्र नदीतल्या रोहूइतकाच, किंबहुना काही ठिकाणी त्याहूनही हळू वाढणारा राहिला. ही उणीव भरून काढण्यासाठी सिफाने १९९२ साली नॉर्वेच्या आक्वाफोर्स्क या संस्थेच्या सहकार्याने रोहूचा निवड प्रजनन कार्यक्रम हाती घेतला. नॉर्वेने सॅमन माशात हेच काम १९७० च्या दशकापासून यशस्वीपणे केलेले होते आणि तिथली पद्धत आपल्या माशाला लावून पाहण्याचा हा प्रयत्न होता. पी. व्ही. जी. के. रेड्डी आणि कांता दास महापात्रा हे त्यात अग्रभागी असलेले भारतीय शास्त्रज्ञ होत. गंगा, यमुना, गोमती, ब्रह्मपुत्रा आणि सतलज या पाच नद्यांतील रोहू आणि संस्थेच्या स्वतःच्या तळ्यातील रोहू असा पाया घेऊन काम सुरू झाले. पाया इतका विस्तृत घेण्यामागे कारण होते. निवड करायची तर निवडण्यासारखी विविधता आधी हाती असावी लागते, आणि एका केंद्रातील मूठभर माशांत ती नसते.

ही निवड प्रत्यक्षात कशी होते, हे वाचकांनी जाणून घ्यावे असे मला मनापासून वाटते, कारण बीजाची किंमत कशाची आहे ते त्यातूनच उमगते. मोठा दिसणारा मासा उचलून त्याचे प्रजनन करणे एवढ्याने निवड होत नाही. एखादा मासा मोठा झाला तो त्याच्या गुणामुळे, की तो चार दिवस आधी जन्मला म्हणून, की त्याच्या कोपऱ्यात खाद्य जास्त पडले म्हणून, हे नुसते पाहून सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक जोडीची अंडी स्वतंत्र उबवतात, त्यांची पिल्ले स्वतंत्र छोट्या तळ्यांत वाढवतात, आणि ती दहा-पंधरा ग्रॅमची झाली की प्रत्येकाच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढी इलेक्ट्रॉनिक खूणचिठ्ठी सोडतात. त्यानंतर सर्व कुटुंबांतील मासे एकाच तळ्यात एकत्र वाढतात, म्हणजे पाणी, खाद्य आणि हवामान सर्वांना सारखेच मिळते. वजन घेताना यंत्राने चिठ्ठी वाचली की तो मासा कोणत्या आईबापांचा हे कळते, आणि मग त्याचे स्वतःचे वजन व त्याच्या भावंडांची कामगिरी या दोहोंचा एकत्रित हिशेब करून पुढच्या पिढीचे आईबाप ठरवले जातात. सख्ख्या भावंडांची जोडी लागू नये, ही काळजी प्रत्येक पिढीत घेतली जाते. रोहू प्रौढ होण्यास साधारण दोन वर्षे लागतात, त्यामुळे हे काम कमालीच्या चिकाटीचे आहे. या कार्यक्रमात दर पिढीला वाढीच्या वेगात सरासरी १७ टक्के सुधारणा नोंदली गेली, आणि १९९७ साली, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हा वाण जयंती या नावाने शेतकऱ्यांच्या हाती आला. यात बाहेरच्या कोणत्याही जीवाचे जनुक घातलेले नाही. आमच्या भागात काही लोक त्याला ‘इंजेक्शनचा मासा’ म्हणतात आणि खाण्यास कचरतात, तो गैरसमज आहे. इंजेक्शन दिले जाते ते प्रजनक आईबापांना, आणि ते साध्या रोहूच्या बीजासाठीही दिले जाते.

आता माझ्या तळ्यातील अनुभव. ओडिशातील एका बीजगुणन केंद्रातून मी जयंतीचे मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून बाहेर पडून तीन दिवस झालेली पिल्ले, मागवली आणि त्याच आठवड्यात जवळच्या एका केंद्रातून साध्या रोहूचे जिरेही आणले. दोन्ही जिरे शेजारशेजारच्या सारख्या संगोपन तळ्यांत वाढवून बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्ले, तयार केली. जयंतीच्या बोटुकलीचा पोटाखालील उजवा पर आणि साध्या रोहूचा डावा पर मुळाशी कापून त्यांना खूण केली, आणि मग दोन्ही गट समान संख्येने एकाच मोठ्या तळ्यात कटला व मृगळ यांच्यासोबत सोडले. पर वरवर कापला तर पुन्हा उगवतो, म्हणून तो मुळाशी कापावा लागतो. ही खूण वर्षभर नीट वाचता आली. वेगवेगळ्या तळ्यांत वाढवून केलेली तुलना मला विश्वासार्ह वाटत नाही, कारण एकाच बांधावरील दोन तळीही पाण्याच्या बाबतीत क्वचितच सारखी असतात.

पहिल्या दोन महिन्यांत दोन्ही गटांत डोळ्यांना जाणवेल असा फरक नव्हता. हिवाळ्यात दोघेही मंदावले. पाण्याचे तापमान २० अंशांच्या खाली जाऊ लागले की रोहू खाद्याकडे फारसा फिरकत नाही, आणि जयंतीही त्याला अपवाद नाही. फरक स्पष्ट झाला तो फेब्रुवारीनंतर. पाणी तापू लागताच दर महिन्याच्या फेकजाळ्याच्या नमुन्यात जयंती पुढे सरकू लागला आणि वर्षाअखेरीस त्याचे सरासरी वजन साध्या रोहूपेक्षा सुमारे पाव हिश्शाने अधिक भरले. त्याहून महत्त्वाची वाटली ती एकसारखी वाढ. साध्या रोहूत काही मासे किलोच्या जवळ तर काही अर्ध्या किलोवरच अडकलेले, असा विस्कळीतपणा होता. जयंतीत लहान मासे कमी निघाले. व्यापारी काट्यावर माल घेताना छोटे मासे बाजूला काढून त्यांचा भाव पाडतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या एकसारखेपणाची किंमत वेगळी सांगायला नको.

या आकड्याचा अर्थ लावताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. एक म्हणजे दोन्ही गट एकाच तळ्यात असल्यामुळे जो थोडा मोठा झाला तो तळ्यात टांगलेल्या खाद्याच्या पिशवीवर आधी पोहोचतो आणि त्यामुळे फरक काही अंशी वाढलेला दिसू शकतो. दुसरे म्हणजे ज्या साध्या रोहूशी मी तुलना केली तो मूळ नदीचा रोहू नव्हता, तर पिढ्यान्पिढ्या एकाच केंद्रात प्रजनन केलेला होता, आणि तो स्वतःच खालावलेला असण्याची दाट शक्यता आहे. त्यामुळे मला मिळालेला लाभ काही प्रमाणात जयंतीच्या चांगुलपणाचा आणि काही प्रमाणात स्थानिक बीजाच्या निकृष्टपणाचा आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने तरीही तो लाभच आहे, कारण बाजारात त्याच्यापुढे असलेले पर्याय नेमके हेच दोन असतात.

जिऱ्यांच्या प्रवासाबद्दल थोडे सांगतो. प्लास्टिकच्या पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी प्राणवायू भरून जिरे पाठवले जातात. रात्रीच्या गारव्यात प्रवास झाला आणि पिशव्यांना ऊन लागले नाही तर ओडिशाहून पूर्व विदर्भापर्यंत ते सुखरूप पोहोचतात. माझ्याकडे आलेल्या पिशव्यांत मर अगदी नगण्य होती. आल्याबरोबर पिशवी फोडून जिरे थेट तळ्यात ओतण्याची घाई मात्र करू नये. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून दोन्हीकडचे तापमान सारखे होऊ द्यावे आणि तळ्याचे पाणी थोडे थोडे पिशवीत मिसळत जावे. त्यापुढील तीन आठवड्यांत जयंती आणि साधा रोहू यांच्यात काहीच भेद नसतो, कारण त्या वयातील पिल्लाचे जगणे वाणावर नाही, तर तळ्याच्या तयारीवर ठरते. जुने शिकारी मासे काढण्यासाठी मोहाची पेंड, त्यानंतर चुना आणि शेणखत, पाणबिवडे व इतर कीटक मारण्यासाठी साबण आणि तेलाचे मिश्रण, आणि जिरे सोडण्याआधी पाण्यात तयार झालेले सूक्ष्म प्राणी, ही सगळी पूर्वतयारी नीट केली तरी शंभरातील तीस-चाळीस जिरे बोटभर होण्याच्या मार्गाला लागले तर ते चांगले यश मानले जाते. ही तयारी न करता महागडे सुधारित जिरे आणणाऱ्याने केवळ पाणकिड्यांचे पोट भरलेले असते. ज्यांना संगोपन तळे सांभाळणे शक्य नाही त्यांनी जिरे न घेता थोडे अधिक पैसे देऊन बोटुकलीच घ्यावी.

आता मुख्य अडचणीकडे वळतो. सिफाच्या तळ्यात जी निवड होते ती काही शेकडा प्रजनकांवर; देशातील शेतकऱ्यांना लागणारे बीज तिथून थेट मिळणे अशक्य आहे. म्हणून संस्थेकडून सुधारित प्रजनक किंवा त्यांचे बीज गुणन केंद्रांकडे जाते, ती केंद्रे ते वाढवून त्यापासून बीज काढतात, आणि मग ते बीज शेतकऱ्यापर्यंत पोहोचते. हैदराबाद येथील राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाने कौशल्यागंगा येथेच गोड्या पाण्यातील माशांची राष्ट्रीय प्रजनक पेढी उभारली आहे ती याच गरजेतून. साखळीच्या या वरच्या टोकाला वाणाची शुद्धता जपण्याची व्यवस्था आहे. प्रश्न सुरू होतो तो खालच्या टोकाला, जिथे एखादे केंद्र एकदा जयंतीचे बीज आणते, त्यातून स्वतःचे आईबाप मासे तयार करते, पुढे त्यांच्या मुलांपासून, मग नातवंडांपासून बीज काढत राहते आणि प्रत्येक पिढीचे बीज जयंती म्हणूनच विकते.

हे घडण्याचे मूळ रोहूच्या विपुल प्रजननक्षमतेतच आहे. मादी आपल्या वजनाच्या दर किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते, त्यामुळे अगदी थोड्या जोड्यांवर एका जिल्ह्याची गरज भागू शकते. केंद्रचालकाला अधिक जोड्या पाळणे म्हणजे अधिक तळी, अधिक खाद्य आणि अधिक मजूर. त्याला त्याची गरज भासत नाही. परिणामी काही वर्षांत केंद्रातील सगळे मासे एकमेकांचे निकटचे नातलग होतात. कर्नाटकातील केंद्रांचा या दृष्टीने झालेला आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मत्स्यशास्त्रात चांगला परिचित आहे. तेथील केंद्रांत निकट संबंधांतील प्रजनन चिंताजनक गतीने वाढत असल्याचे त्यात आढळले होते. त्यात आणखी एका सवयीची भर पडते. मोठे, देखणे मासे बाजारात चांगला भाव आणतात म्हणून ते विकले जातात आणि मागे उरलेले मध्यम मासे प्रजनक म्हणून ठेवले जातात. अशा केंद्रात निवड होतच असते, पण ती उलट दिशेने, हळू वाढणाऱ्याच्या बाजूने होते. शिवाय हंगामाच्या धावपळीत रोहू, कटला आणि मृगळ एकाच गोल टाकीत सोडले तर त्यांची अंडी व शुक्रपेशी मिसळून संकर पिल्ले जन्मतात, आणि ती पुढे प्रजनक म्हणून राहिली तर वाणाचा संपूर्ण हिशेबच विस्कटतो. पाच नद्यांतून गोळा करून पिढीमागून पिढी जपलेले गुण अशा केंद्रात तीन-चार हंगामांत विरून जाऊ शकतात.

याचा प्रत्यय मलाही आला. एका हंगामात ओडिशाहून बीज येण्यास उशीर होणार होता, म्हणून जयंती मिळेल असे आश्वासन देणाऱ्या एका खासगी केंद्राकडे मी चौकशीला गेलो. प्रजनक मासे कधी आणि कोठून आणले याची कोणतीही नोंद तिथे नव्हती, एकूण जोड्या किती याचे उत्तर प्रत्येक कामगाराने वेगळे दिले आणि दाखवलेल्या प्रजनकांत काही मासे सरळसरळ कटला-रोहूच्या संकराचे होते. डोके मोठे, अंग रुंद आणि तोंडाची ठेवण रोहूपेक्षा वेगळी. मी ते बीज घेतले नाही. पण माझ्यादेखत इतर शेतकरी जयंतीच्या दराने पैसे देऊन पिशव्या घेऊन जात होते, आणि त्यांतील एखाद्याला पुढच्या वर्षी हा वाण काही कामाचा नाही असे वाटले तर त्याचा दोष कोणाच्या माथी येईल, हे उघड आहे. तीन दिवसांच्या जिऱ्याकडे पाहून तो जयंती आहे की नाही हे जगातला कोणताही अनुभवी डोळा सांगू शकत नाही. बोटुकलीतही नाही. पूर्ण वाढलेल्या माशातही फक्त वजनाचा फरक असतो, रंगरूपाचा नाही. ज्या वस्तूची पारख घेणाऱ्याला करताच येत नाही, तिच्या विक्रीसाठी प्रमाणपत्राची सक्ती असायला हवी, आणि शेतपिकांच्या बियाण्याला असते तशी चिठ्ठी, जीवर प्रजनकांचे मूळ स्थान, आणल्याचे वर्ष आणि पिढी नमूद असेल, ती प्रत्येक पिशवीसोबत यायला हवी, अशी माझी ठाम मागणी आहे.

तोपर्यंत शेतकऱ्याच्या हाती प्रश्न विचारणे एवढेच आहे. प्रजनक कोणत्या वर्षी, कोणाकडून घेतले, त्याची पावती आहे का. एकूण जोड्या किती आणि त्या किती वर्षांनी बदलल्या जातात. जयंतीचे प्रजनन इतर जातींपासून वेगळ्या टाकीत आणि वेगळ्या दिवशी होते का. ज्या केंद्रातून मी बीज घेतले तिथे या सर्व प्रश्नांची उत्तरे वहीसकट मिळाली, आणि मी इतक्या लांबून बीज मागवण्याचा खर्च सोसतो तो त्या वहीसाठी.

सोलापूरकडील माझ्या एका परिचितांनी प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यात जयंती सोडला होता. तिथे त्यांना विशेष फरक दिसला नाही आणि मला त्याचे आश्चर्य वाटत नाही. रोहू हा पाण्याच्या मधल्या थरात वावरणारा, वनस्पतीजन्य आणि सूक्ष्म जीवांवर भर देणारा मासा आहे. मातीचा तळ नसलेल्या तळ्यात नैसर्गिक अन्न फार कमी तयार होते. तिथे सगळी मदार बाहेरून दिलेल्या खाद्यावर असते, आणि सिंचनासाठी पाणी उपसले की उन्हाळ्यात, म्हणजे रोहू वेगाने वाढण्याच्या ऐन मोसमात, पाणीच उरत नाही. वाणातील क्षमता प्रकट होण्यासाठी तिला अन्न आणि अवकाश मिळावे लागतात. शेततळ्यात पाच-सहा महिनेच पाणी राहत असेल तर जयंतीसाठी जादा पैसे देऊ नयेत. याउलट भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीतील माजी मालगुजारी तलावांना, ज्यांत वर्षभर पाणी असते आणि ज्यांवर ढीवर समाजाच्या सहकारी संस्था मासेमारी करतात, हा वाण अतिशय अनुकूल ठरेल असे मला वाटते. मात्र तिथे बोटुकली नव्हे, तर चांगली वीतभर वाढलेली पिल्ले सोडावी लागतील, नाहीतर तलावातील मरळ आणि इतर शिकारी मासे त्यांचा फडशा पाडतील.

रोगांच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नये. रोहूला अंगावरील उवांचा, म्हणजे अर्ग्युलसचा, त्रास इतर कार्प माशांपेक्षा, म्हणजे कटला-मृगळ यांसारख्या माशांपेक्षा, जास्त होतो आणि माझ्या तळ्यात उन्हाळ्याच्या अखेरीस तो जयंतीलाही तितकाच झाला. बाजारातील जयंतीची निवड मुख्यतः वाढीसाठी झालेली आहे. एरोमोनास जिवाणूला दाद न देणारी रोहूची ओळ निवडण्याचे काम सिफाने स्वतंत्रपणे केलेले आहे, पण आपल्याला मिळालेले बीज त्या ओळीचे आहे असे गृहीत धरून पाण्याच्या व्यवस्थापनात ढिलाई करणे धोक्याचे आहे. तळावरील गाळ, जास्त दाटी आणि न खाल्लेले खाद्य ही रोगाची कारणे कोणत्याही वाणाने नाहीशी होत नाहीत.

चवीबद्दल आमच्याकडे सर्वांत आधी विचारले जाते. आमच्या घरच्यांना आणि माझ्याकडून मासे नेणाऱ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना दोन्ही रोहूंच्या चवीत भेद जाणवला नाही. मोठ्या माशाचा एक फायदा मात्र ताटात दिसतो. रोहूच्या मांसातील बारीक काटे लहान माशात खाणाऱ्याला फार छळतात. सव्वा-दीड किलोच्या माशात ते ठळक होतात आणि सहज बाजूला काढता येतात. नागपूरच्या बाजारात आंध्रातून बर्फात येणारा रोहू मोठ्या आकाराचा असतो, आणि आपल्या ताज्या माशाने त्याच्याशी स्पर्धा करायची तर आकारात मागे राहून चालत नाही. त्या दृष्टीने एका वर्षात किलोच्या पुढे जाणारा मासा हा आमच्यासारख्यांना मोठाच आधार आहे.

खर्चाचा विचार करता कार्प माशांच्या शेतीत निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावर होतो आणि बीजाचा वाटा त्या मानाने लहान असतो. कोंडा आणि शेंगदाणा पेंड छिद्रे पाडलेल्या पिशव्यांत भरून मी तळ्यात टांगतो, आणि ते खाद्य हळू वाढणारा मासा खातो तसेच वेगाने वाढणाराही खातो. त्यामुळे जयंतीच्या बीजाला साध्यापेक्षा बराच जास्त दर द्यावा लागला तरी तो वर्षअखेरीच्या वजनात सहज निघतो, अर्थात बीज खरे असेल तर. हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकल्यांची मर्यादा मात्र ओलांडू नये. वेगाने वाढणारा वाण म्हणजे जास्त संख्या सोडण्याची मुभा, असा अर्थ आमच्या भागातील काही जणांनी काढला आणि त्यांचे सगळेच मासे खुरटले.

एक सूचना आंध्रातील शेतकऱ्यांकडून घेण्यासारखी आहे. कोल्लेरू परिसरातील मत्स्यशेतकरी बोटुकली लगेच मोठ्या तळ्यात न सोडता वर्षभर दाटीत आणि मोजक्या खाद्यावर ठेवतात आणि मग शंभर-दीडशे ग्रॅमची ती पिल्ले मोकळ्या तळ्यात सोडतात. जागा आणि खाद्य मिळताच ती झपाट्याने वाढतात आणि मरही कमी होते. जयंतीच्या बाबतीत ही पद्धत आमच्या हवामानात अधिकच उपयोगी ठरावी, कारण उशिरा सोडलेल्या बोटुकलीचा पहिला हिवाळा नाहीतरी वायाच जातो. यंदा मी मागवलेल्या बीजाचा काही भाग त्यासाठी वेगळ्या तळ्यात राखून ठेवला आहे. ओडिशाच्या केंद्राकडे नोंदणी मे महिन्यातच करावी लागते, कारण पहिला चांगला पाऊस झाला की मागणी एकदम वाढते आणि उशिरा येणाऱ्याला हंगामाच्या शेवटचे, अशक्त मातांचे जिरे मिळतात. येत्या पावसाळ्यापासून माझ्या तळ्यांतील रोहूचा संपूर्ण वाटा जयंतीचाच असेल.